डावीकडे अर्धी

पहाटे बंदरावर धुकं इतकं
की क्रेनचे नुसते पाय दिसत होते, डोकी नाहीत.
आम्ही शे-दोनशे जण, हात काखेत घालून कुडकुडणारे,
छातीवर पिनांनी टोचलेले आकडे.
माझा तीनशे बारा. उलिसेसचा सतरा.
"सतरा कसा रे मिळाला?"
"सगळ्यांच्या आधी नाव दिलं.
मग आठ महिने घाबरत बसलो."

वाल्पारायसोत सपाट म्हणावी अशी जमीन
बशीच्या काठाएवढी.
मग लगेच टेकड्या.
कुणी बेचाळीस मोजतं, कुणी पंचेचाळीस.
मी पन्नास वर्षांत कधी मोजल्या नाहीत,
आज पोटऱ्या मोजणार होत्या.

पहिला चढ हसत हसत गेला.
दुसऱ्यावर हसू गेलं, चढ राहिला.
जहाजांच्या उरल्यासुरल्या रंगांनी रंगवलेली
पत्र्याची घरं दोन्ही बाजूंनी वाकून बघत होती,
आणि एका खिडकीतून डोन्या एदूविखेस
रबरी नळीने आम्हाला भिजवत होती,
आमच्यासोबत तिच्याच वाळत घातलेल्या चादरीही.

सान्तियागोहून आलेला एक पोरगा
मनगटाकडे बघून ओरडला,
"थांबलेलो नाहीये मी!"
घड्याळाला त्याची चाल चाल वाटेना.

चढ छातीचा, उतार गुडघ्यांचा,
हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.
उतारावर बंदर अंगावर धावून येतं,
ब्रेक म्हणून आपल्याकडे फक्त अंगठ्याची नखं.

सतराव्या किलोमीटरला रस्ता फुटतो.
एक शाळकरी मुलगी दोन्ही हात पसरून उभी,
बुजगावण्यासारखी,
डावीकडे अर्धी, उजवीकडे पूर्ण.
सुरुवातीपासून आमच्याबरोबर पळणारा एककान्या कुत्रा
तिथे बसला, विचार केला,
आणि उलिसेसच्या मागे निघून गेला.

मी डावीकडे वळले.
वाईट वाटलं का? थोडं.
पण मी पाव विकते, किलोवर,
आणि अर्ध्या किलोला
आजवर कुणी अपुरा म्हटलेलं नाही.

पदक मिळालं, एक केळं मिळालं.
पिंडऱ्यांत गोळे घेऊन भिंतीला टेकून बसले.
एक वाजला. दोन वाजले.
सतरा नंबर कुठेच नाही.
मग बूट काढून चपला घातल्या
आणि टेकडीवर जाणाऱ्या लाकडी पाळण्यात शिरले.
चालवणाऱ्याने माझा आकडा पाहिला, पैसे घेतले नाहीत.
विचारलं एवढंच, "उलिसेस कुठवर आलाय?"
याच पाळण्याचे दोर तो एकतीस वर्षं तेल घालून राखतोय.

वर पोरं रस्त्यातले अडथळे उचलून ट्रकमध्ये टाकत होती.
मी पायरीवर बसले, मांडीवर उकडलेले बटाटे, मिठाची पुडी.
आधी कुत्रा दिसला.
मग तो, एका बाजूला कललेला,
जसं काही खिशात दगड आहेत.
बटाटा घेतला, मीठ चाटलं, म्हणाला,
"या गावाला इतकी वर्षं वर चढवलं, ओर्तेन्सिया.
स्वतः आज पहिल्यांदा चढलो."
"बोलू नकोस," मी म्हटलं, "पाच राहिलेत."

ते पाच आम्ही चाललो.
मधेच तो पळायचा, विजेच्या तीन खांबांइतकं,
आणि मी चपला फटफटवत मागे.

खाली पोचलो तेव्हा घड्याळ काढून नेलेलं,
फुगवलेली कमान हवा सोडून
रस्त्यावर पसरलेली, ओल्या अंथरुणासारखी.
दोन पोरं ती गुंडाळायला वाकलेली.
उलिसेस तिच्या अलीकडे थांबला.
ओलांडून जाणं त्याला बरं वाटेना.
पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.
मग एकाने एक टोक खांद्यावर घेतलं,
दुसऱ्याने दुसरं,
आणि टाचा उंचावून उभे राहिले.

कुत्रा आधी गेला.
मग उलिसेस, मान वाकवून.