सायडकार

एप्रिलची तीस तारीख.
केझॉन सिटीतल्या आमच्या रेकॉर्ड-रूममध्ये
पंखा मान हलवतोय, नाही नाही म्हणत,
आणि मी शिक्के मारतेय
लोकप्रतिनिधींच्या मालमत्तेवर.

मी एर्मिनिया दाकानाय.
एकोणीस वर्षं हीच खुर्ची, हाच शिक्का.
पूर्वी आकडे वाचायची,
आता फक्त रकाना भरलाय ना, एवढंच बघते.

माननीय उल्दारिको सार्मेंता.
समुद्राकाठचं घर, किंमत चाळीस हजार पेसो,
घेतली तेव्हाची, एकोणीसशे एकाहत्तर सालची.
घराला नंतर दोन मजले आले,
बोटीसाठी धक्का आला,
किंमत जागची हलली नाही.
इतकी इमानी किंमत मी दुसरी पाहिली नाही.
घड्याळ: एक.
देणी: दोन कोटी,
पत्नीकडून हातउसने.
सरकारी नोकरीतले नातेवाईक:
जागा अपुरी, पुरवणी जोडली आहे.

पुरवणीत बायको महापौर, भाऊ गव्हर्नर,
थोरला कौन्सिलर, जावई बंदरखात्यात.
धाकट्यापुढे नुसती रेघ.
तो अजून शाळेत आहे.

मागच्या निवडणुकीत आमच्या वस्तीत
त्यांच्या हसऱ्या फोटोला टाचून
पाचशेची नोट आली होती, घरटी एक.
आईने टाचणी जपून काढली,
नोटेचा तांदूळ आणला,
टाचणी शिवणाच्या डब्यात ठेवली.
मत कुणाला दिलं
ते मरेपर्यंत सांगितलं नाही.
ते पाचशे कुठल्या रकान्यात बसतात
हे मी पुष्कळदा शोधलं.
त्यांच्या खर्चात नाहीत.
आईच्या उत्पन्नात तर
मीच लिहिले नाहीत.

कारण विवरणपत्र मलाही भरावं लागतं.
शिलाई मशीन, हप्त्यावरचा फ्रिज,
पतपेढीचं कर्ज.
यंदा ते परत आलं, सोबत मेमो:
भावाबरोबर घेतलेली ट्रायसिकल दडवली,
कारवाई का करू नये, खुलासा करा.

तपासनीस पोरगेलासा होता, सभ्य.
मला आधी पाणी दिलं.
मग म्हणाला, बाई,
अर्धी ट्रायसिकल म्हणजे नक्की कुठली अर्धी?
मी म्हटलं, बाजूची, साहेब.
माणसं बसतात ती.
इंजीन क्रिस्पुलोचं.

त्याने ते तसंच लिहून घेतलं.

सार्मेंतांचा फॉर्म मी खिडकीशी नेऊन
उजेडात धरून पाहिला.
खाडाखोड नाही, चूक नाही,
सही तर लग्नपत्रिकेवर छापावी अशी.
अशा कागदाला नाही म्हणायला
पंख्याशिवाय कोण आहे इथे?
मारला शिक्का.

मग माझा कोरा फॉर्म ओढला आणि लिहिलं:
सायडकार, नग एक, हिरवी,
छप्पर गळकं, आसन नवं.
किंमत...
इथे पेन थांबलं.

खाली फाटकाशी क्रिस्पुलो
हॉर्न वाजवत होता.
किंमत, मी लिहिलं,
घेतली तेव्हाची.