जोडाक्षरं नीट दिसली पाहिजेत

तापकीर गल्लीतून साडेतीन हजारांत आणलेला,
कुठल्याशा बँकेने टाकून दिलेला डबा.
झाकणावर अजून चिकटलेलं: काउंटर क्रमांक चार.
पंखा घरघरतो. चालेल.
अप्पांना तसंही ऐकू येत नाही.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं,
चाचणीच्या मैदानाला लागून असलेली रंगाची शेड.
आधी डावा कान गेला, मग उजवा,
मग जेवतानाचं आमचं बोलणं.
आता त्यांना टीव्ही वाचायचा असतो.

चार पेनड्राइव्ह केले,
ओळखायला चार रंगांचे दोरे बांधून.

पहिला मिंट. देखणा.
पडद्यावर हिरवी टेकडी, घड्याळ, सगळं जिथल्या तिथे.
पण पिक्चर ऐन रंगात आला
की कोपऱ्यातून सरकून येते चिठ्ठी:
नवं आलंय, उतरवायचं का?
अप्पांनी तिला मान हलवून "नको" म्हटलं,
दोनदा.
मग चष्मा पुसला.

दुसरा आर्च, वरच्या मजल्यावरच्या ओजसच्या आग्रहाखातर.
बारावीला आहे, झोपत नाही.
"मावशी, यात सगळं आपलं आपण रचायचं!"
अरे बाळा, मग इतकी वर्षं मी दुसरं काय करतेय?
रविवारी रचलं. बुधवारी काहीतरी नवं उतरवलं
आणि आवाज गेला.
तीन दिवस घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तिसरा फक्त पिक्चर लावायलाच जन्मलेला.
सुरू केला की यादी; बाकी काही नाही.
रिमोटची चार बटणं, बस्स.
मनात म्हटलं, हाच.
मग खाली मराठी ओळी लावल्या
आणि वेलांट्या उडून शेजारच्या अक्षरावर बसल्या,
रफार पायाशी पडला,
जोडाक्षरांचे पाय मोडून वेगवेगळे उभे.
अप्पा उठून पडद्याजवळ गेले,
बोटाने एक अक्षर दुसऱ्याला जोडू पाहिलं.

"पेट्यांवर 'स्फोटक' लिहायचो मी," ते म्हणाले,
गरजेपेक्षा मोठ्याने, नेहमीसारखं.
"त्यातला स जर असा सुटला ना,
तर माणूस हात लावतो."

उरला डेबियन.
जुनाट. प्रत्येक गोष्ट दोन वर्षं मागची.
टेकडी टाकलीच नाही; काळा पडदा.
रात्री दीडपर्यंत टंकत बसले,
एकच प्लेअर ठेवला, वीज आली की आपण होऊन उठणारा,
आणि एक जाड देवनागरी फॉन्ट, पिवळ्या रंगात.
शिळं आहे, मान्य.
बाधत नाही.

गुरुवारी धायरीची वीज अकराला गेली, चारला आली.
डबा उठला, यादी मांडली,
कुठे होतात इतका वेळ, असं कुणालाही न विचारता.

त्या रात्री ताईच्या लग्नाची कॅसेट लावली,
डिजिटल करून आणलेली, कडांना रंग फुटलेला.
एकेक वाक्य वेळेसकट टिपून ठेवलं होतं मी,
हेडफोन कानाला घट्ट दाबून.
मांडवातून आई एकदाच बोलत जाते, बँडच्या गदारोळात.
अकरा वेळा ऐकलं तेव्हा कळलं.
आशीर्वाद वगैरे काही नाही.

पडद्यावर आलं:
"गॅसवर दूध ठेवलंय. कुणीतरी लक्ष ठेवा!"

अप्पांनी वाचलं.
"क्ष बरोबर आहे," म्हणाले.
मग गुडघ्यावर हात टेकून उठले,
स्वयंपाकघरात डोकावून आले,
आणि बसता बसता मला हातानेच खूण केली:
बंद आहे.