पुढच्या मजल्याचे गज

अण्णांनी वसमत रोडला घर बांधलं
तेव्हा मी सातवीत होते.
स्लॅबवर कॉलमचे गज तसेच उभे ठेवले,
गंजू नयेत म्हणून एकेकावर
खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली उपडी.
'वरचा मजला तुझा.'

बत्तीस वर्षं सरकारी वखारीच्या दारात
दुसऱ्याची तूर राखलेला माणूस.
त्याला एकच कुलूप हवं होतं
ज्याची दुसरी किल्ली साहेबाकडे नसेल.

मी गारखेड्यात, चौथ्या मजल्यावर,
अकरा महिन्यांच्या करारावर.
चार वर्षांत तीन घरं.
माझा संसार एका छोट्या हत्तीत मावतो
आणि खरं सांगते, मला त्याचा तोरा आहे.

अण्णा पहिल्यांदा राहायला आले
ते पिशवीत हातोडी घेऊन
आणि खताच्या दुकानाचं कॅलेंडर.
'खिळा नाही ठोकायचा, अण्णा. करारात लिहिलंय.'
भिंतीकडे बघत राहिले,
लग्नात ओळख न दाखवणाऱ्या सोयऱ्याकडे बघावं तसं.
'भाडं किती?'
सांगितलं.
चहा निवेपर्यंत बोटांच्या पेरांवर हिशोब.
'येवढ्यात तर हप्ता जायलाय की, माय.'
'वीस वर्षं, अण्णा. वीस वर्षांनी मी कुठं असेन?'
'घरात,' ते म्हणाले.

कॅलेंडर मी फ्रिजला लावलं, चुंबकानं.
रोज थोडं घसरतं.

रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज:
'नळ कधी येतो इथं?'
'टाकीत असतंच पाणी.'
'मोटर कोण बघतं?'
'वॉचमन.'
मग काही बोलले नाहीत.

परभणीत दहाव्या दिवशी नळ येतो,
रात्री तीनला, कधी साडेतीनला.
पाइपात हवा फुसफुसली की उठणारा हा माणूस
माझ्याकडे आठ वाजेपर्यंत झोपला.
मी दोनदा जाऊन श्वास बघून आले.
उठले ते ओशाळून:
'लोकाच्या घरात कान उघडे ठेवावं लागत न्हाईत बघ.'

परवा फोन आला.
माकडांनी बाटल्या पाडल्या, तीन फुटल्या.
गजांना आता दोऱ्या बांधल्यात,
आई त्यावर गोधड्या वाळत घालायलीय.
मी म्हणाले, 'मग कापून टाका ना ते गज.'
पलीकडे नुसता मोटरीचा आवाज.
'राहू दे,' म्हणाले, 'दोरीला आधार लागतो.'
आणि मग घाईनं,
'ठेव आता. टाकी भरून वाहायलीय.'