हिंगाची डबी

कणीक गेली घरातून, रवा गेला,
पोळपाट कुंदा ढवळीकरांना देऊन टाकला,
तवा नवा, झारा नवा.
मक्याची भाकरी मला जमते आता,
कडा तेवढ्या फाटतात.
तरी रात्री ऋजुताचं पोट फुगायचंच.

डॉक्टर म्हणाले, कुठून तरी जातंय. शोधा.

वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावून
ओट्यापाशी बसलो.
सोया सॉस: गहू.
खोकल्याच्या गोळीवर काहीच लिहिलेलं नाही.
शेवटी हिंग.
डबीच्या बुडाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
गव्हाचं पीठ.

वरणात चिमूट, भाजीत चिमूट,
आणि ताकात मी मुद्दाम दोन घालत होतो,
तिचं पोट दुखतं म्हणून.

रविवारी राजवाड्यापाशी पोहे.
"भिया, एक सादा. सेव नहीं, जीरावन नहीं."
"समझ गया, बाबूजी."
वेगळा चमचा, वेगळा द्रोण,
लिंबू पिळलं, डाळिंबाचे चार दाणे,
आणि तिच्याकडे बघून हसत
"बिटिया के लिए थोड़ा-सा तो" म्हणत
त्याने उंचावरून भुरभुरवलं जीरावन.

तिने माझ्याकडे पाहिलं.
त्याचा हात अजून हवेतच होता.
"बढ़िया दिख रहा है, भिया," ती म्हणाली
आणि द्रोण माझ्या हातात दिला.

मी दोन्ही खाल्ले.
दुसरा घशाखाली उतरेना.
ती दप्तरातलं केळं सोलून उभ्यानेच खात होती,
मग साल ओल्या कचऱ्यात टाकून आली.
इंदूरची मुलगी.