पावलाखालची खरखर

गुरुवारी दुपारी, वीज नुकतीच गेलेली,
म्हातारा ओयेलामी दुकानाच्या पायरीवर टेकला
आणि कापडी पिशवीतून त्यानं काढलं
ते पायानं दाबायचं लोखंडी खोकं.
‘अर्ध्यावर आलं की खोकतं,’ म्हणाला.
‘शनिवारी मोकोल्यात बारसं आहे. मोठं घर आहे.’

वसिऊनं जनरेटरची दोरी ओढली,
तिसऱ्या हिसक्याला तो बोलला.

मी आधी केबलवरच संशय घेते.
दहातले सात गुन्हे तिचेच.
दोन्ही केबली बदलल्या. खरखर तशीच.
दुकानातली गिटार सरळ अँप्लिफायरला जोडली,
पेडल मध्ये न घेता:
नितळ.
म्हणजे चोर घरातलाच.

तळाचे चार स्क्रू सोडवले.
खरं तर तीनच. चौथ्याच्या जागी
आगकाडी खुपसलेली.
आत हरमॅटन वाऱ्याची धूळ,
दोन हंगामांची, वस्त्रगाळ.
दोरी कधीतरी तुटलेली; तिच्याऐवजी
असेजिरेच्या तळ्यावरचा तंगुसाचा दोरा.
गाठ चांगली होती, कोळ्याकडून शिकलेली.
पण डाख?
डाख असा, की त्यावर कुणी शिंकलं असावं.
‘हे कुणी केलं?’
म्हातारा रस्त्याकडे बघत राहिला.
‘मीच.’

फवारा मारला. पेडल वीसदा खालीवर केलं.
पाच मिनिटं सगळं झकास, आणि मग पुन्हा
त्याच जागी
सुपात खडे पाखडल्यासारखा आवाज.

शेवटी पॉटच उघडला.
घोड्याच्या नालेसारखी कार्बनची काळी वाट,
एका टोकाला गप्प, दुसऱ्या टोकाला सगळा आवाज.
दोन्ही टोकं कोरी, जशी पेटीतून निघाली तशी.
मध्ये, जराशी अलीकडेच,
नखाएवढी जागा
घासून घासून पांढरी पडलेली.
एकतीस वर्षं या माणसाचा पाय तिथेच.

‘बाबा, तुम्ही पूर्ण कधी दाबतच नाही?’

‘पोरी, माझ्यापुढे गाणारा असतो,
त्याच्यापुढे बोलका ढोल, त्याच्यापुढे यजमान.
तार छेडताना पाय मागे ठेवायचा.
सूर मरायला लागला की हळूच पुढे सरकवायचा.
लोकांना वाटतं, सूर टिकलाय.
टिकत काही नाही.
आपण फक्त कुणाला ऐकू देत नाही
तो मरताना.’

मी काही बोलले नाही. कावी तापत होती.

नवा पॉट लागोसहून यायला मंगळवार उजाडला असता.
कोपऱ्यात एक मुका ऑर्गन पडून होता,
कुठल्याशा चर्चनं परत नेलाच नाही.
त्याच्या पोटातून एक काढला, आकडा तोच.
दांडा दोन मिलिमीटर जास्त;
कानस घेऊन वसिऊ बसला, जीभ दाताखाली धरून.
तंगुसाचा दोरा मात्र मी तोच ठेवला.

शनिवारी आम्ही दोघं मोकोल्यात गेलो,
बाळ बघायला म्हणून,
म्हणजे पैसे मागायला.
गाणाऱ्याच्या कपाळावर नोटा चिकटत होत्या, गळत होत्या,
एक पोरगा त्या गोणीत भरत होता.
मागे, बाकावर, ओयेलामी.
पेडल लोण्यासारखं चाललं होतं.
पण मी त्याच्या पावलाकडे बघत होते:
मागून सावकाश यायचं,
आणि त्या जागेपाशी आलं
की टुणकन उडी मारून पलीकडे.

आमच्या गल्लीतला खड्डा बुजवून वर्ष झालं.
टॅक्सीवाले अजून तिथे चाक वळवतात.

उडीसरशी सुराला एक झोल बसायचा.
पुढच्या रांगेतल्या बायका
हरकत समजून माना डोलवत होत्या.

मध्यंतरात त्यानं मला बघितलं.
कपाळावरून तीन नोटा सोलून दिल्या,
घामानं भिजलेल्या.
ठरल्या होत्या चार.
‘अजून किंचित लागतं तिथे,’ म्हणाला, ‘नाही का?’

मी नोटा पदराला पुसल्या.
म्हटलं, ‘हो बाबा. किंचित.’