एक स्टेशन आधी

कौनासच्या अंधांच्या ग्रंथालयात, तळमजल्यावर,
स्कायस्ते ब्रेलचे ठिपके वाचते, मी छापील पान.
तिनं मोठ्यानं बोलायचं, मी चुका धरायच्या.
दर वीस पानांनी चहा, तिचा बिनसाखरेचा.

कादंबरी जुनी. शाळेत सगळ्यांना होती,
सगळ्यांनी ती चुकवलेली.
पान दोनशे अकरा:
मोतियेयुस सात वर्षांनी घरी निघालाय,
वरच्या फळीवर पोरीसाठी लाल बूट,
आणि तो उतरतो. एक स्टेशन आधी.
बूट गाडीतच.
पुढच्या ओळीत जवसाचं शेत, फुललेलं, निळं,
आणि प्रकरण संपतं.

तिचं बोट थांबलं. "मधलं गाळलंय काही?"
नाही, मुळातच नाही.
"पुन्हा बघ."

तळटीपेत कुणी विद्वान म्हणतो, कर्ज.
आमच्या मास्तरांनी फळ्यावर लिहिलेलं, स्वातंत्र्य;
आम्ही ते उतरवून घेतलं, पाचपैकी चार गुण.
आई कणीक मळता मळता म्हणाली होती,
बाई असणार दुसरी, आणखी काय.

स्कायस्ते हसली नाही.
"उतरताना त्याला तरी ठाऊक होतं का?"
रेडिएटर खडखडला, गप्प झाला.
मग, ठिपक्यांवरचं बोट न उचलता:

"माझा भाऊ, युओझापास, एका रात्री पुलावर गेला.
कठड्यापर्यंत. आणि परत आला.
म्हणाला, पाव आणायचा राहिला होता.
खरंच पाव होता हातात, वास येत होता.
पुढं बत्तीस वर्षं जगला,
दोन लग्नं केली, मधमाश्या पाळल्या.
पाव हे कारण होतं, की निमित्त?
कोणी विचारलं नाही. मीही नाही."

खिडकीबाहेर नेमुनस चाललेली.
पाणी दिसतं, पात्र दिसत नाही.

"इथं बघ," ती म्हणाली, आणि माझं बोट धरून टेकवलं:
'उतरला' आणि 'जवस' यांच्यामध्ये
एक घर. सहा ठिपक्यांची जागा,
एकही उठलेला नाही.
"हेही वाचावं लागतं. नाहीतर शब्द एकमेकांवर चढतात."

मी समासात लिहिलं: चूक नाही.
तारीख घातली. चहा गार झाला होता.

"आणि बूट?" तिनं विचारलं.
"त्यांचं पुढं काही येतं का?"
शेवटापर्यंत पानं चाळली मी,
मग उलटी, शेवटाकडून.