हमदुलेचाचांचं काळीज

सोहारच्या औषधदुकानात, रात्री दहाला,
हमदुलेचाचा दोन पाकिटं शेजारी मांडतात.
साखर सोडली ना मी. मग येते कुठून?

तुमच्याच यकृतातून, मी म्हणते.
घरात कुणी उपाशी असेल या धास्तीनं
ते रक्तात साखर पाठवत राहतं.
पांढरी गोळी सांगते, हात जरा आखडता घे.

आणि ही?
चरबीचा कारखानाही तिथंच.
ही त्यात पाचर मारते;
मग कमी पडलेली चरबी
यकृत रक्तातून ओढून घेतं.

यकृत म्हंजे बोकडाचं असतं ते काळीजच ना?
तेच.

चाचा गप्प.
बावीस वर्षं मीपण पाठवतोय.
पुरे, असं कुणी म्हणालं नाही.

पाकिटं खिशात जातात.
खजूर?
एक, मी म्हणते.
दारातून ते दोन बोटं दाखवतात.